लक्ष्या, पार्वती आणि तुझा प्रश्न

प्रिय सई,

शनिवारी ‘अशी ही बनवाबनवी’ लावला होता. तू अर्ध्यातून उठलीस आणि जिना चढता चढता विचारलंस, “आई, पुरुषानं साडी नेसली यात एवढं हसण्यासारखं काय आहे? बाई असणं हा जोक आहे का?” ‘जुना सिनेमा आहे गं’ म्हणून मी वेळ मारून नेली, पण प्रश्न लागला. समोरासमोर बोलायला गेले तर लेक्चर होईल, म्हणून लिहितेय.

डोंबिवलीला आमच्या चाळीत गणपतीत पडदा लागायचा. प्रोजेक्टरवाल्याला शामूकाका ठरवून यायचा. पुढे जागा नाही मिळाली की आम्ही पोरं पडद्यामागे बसायचो. तिकडून नावं उलटी दिसायची आणि सगळे डावखुरे. मी पार्वती, म्हणजे बनवाबनवीतला साडी नेसलेला लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे), पहिल्यांदा पाहिली ती अशी, उजव्या खांद्यावर पदर घेतलेली.

त्या वर्षी बंड्यामामा आमच्याकडे होता. कोल्हापूरहून नोकरीला आलेला. दोन खोल्यांत आधीच आम्ही सात जण, त्यामुळे तो गॅलरीत झोपायचा. रविवारी खोली शोधायला निघायचा आणि दारोदारी एकच प्रश्न ऐकून यायचा, “लग्न झालंय का?” सड्याफटिंग माणसाला जागा द्यायला कोणी तयार नसायचं. सिनेमातही तेच. लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना ठेवून घेणार, म्हणून परशाची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. अशोक सराफनं पार्वतीची आपली बायको म्हणून ओळख करून दिली तेव्हा अख्खी चाळ मामाकडे बघून हसली. मामा सगळ्यांत जोरात.

म्हणजे आम्ही बाईला हसत नव्हतो, असं मला म्हणायचंय. आम्ही जागेच्या अडचणीला हसत होतो. लक्ष्या डोहाळजेवणाला बसतो तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघ. आता पकडलो जाणार, रस्त्यावर येणार, ही धास्ती तिथे असते. आजी म्हणाली होती, “मेला पदर आमच्यापेक्षा नीट सांभाळतोय!” आजीच्या तोंडून ही मोठी शाबासकी.

पण एवढ्यानं तुझा प्रश्न सुटत नाही, ते कळतं मला. त्या काळच्या सिनेमांत बायकांवर, जाड्या माणसांवर, तोतऱ्यांवर जे विनोद असायचे, त्यातले काही आता माझ्याच्यानं बघवत नाहीत. रिमोट हातात असला की मी गुपचूप पुढे ढकलते. तेव्हा मात्र पोट धरून हसलेय.

लक्ष्या हिरोसारखा दिसायचा नाही, हेच आम्हाला आवडायचं. गिरगावातला मुलगा, साहित्य संघात नोकरी करता करता नाटकात आला. शेजारच्या बिऱ्हाडातला कोणीतरी पडद्यावर गेलाय असं वाटायचं. हिंदीत त्याला घरगडी केलं ते आजीला शेवटपर्यंत खटकलं. 1992 मध्ये जब्बार पटेलांनी त्याला ‘एक होता विदूषक’मध्ये घेतलं. लेखन पुलंचं, आणि हा तमाशातला सोंगाड्या. मी थिएटरात आबांना सारखं विचारत होते, “हा हसवणार कधी?” मागच्या रांगेतली मोठी माणसंही तेच कुजबुजत होती. पुढच्या वर्षी ‘झपाटलेला’ आला आणि आम्ही सगळे परत खूश.

16 डिसेंबर 2004 ला तो गेला. अवघा पन्नास वर्षांचा. मी पुण्यात होस्टेलला होते. मेसच्या मावशी पोळी वाढता वाढता म्हणाल्या, “आपला लक्ष्या गेला गं,” आणि पोळी ताटात न पडता टेबलावर पडली. त्या रात्री कोणी त्याच्या नकला केल्या नाहीत. एरवी आमच्यात कोणीतरी रोज करायचंच.

बनवाबनवी पूर्ण बघच, असा माझा हट्ट नाही. विदूषक बघणार असलीस तर मी सोबत बसेन, तोंडातून चकार शब्द काढणार नाही (प्रयत्न करेन). ‘झपाटलेला’ मात्र नको. त्यातल्या बाहुल्याला बघून तू रात्री माझ्या खोलीत झोपायला येशील. मीही आबांकडे गेले होते.

आणि बंड्यामामाला एकदा व्हिडिओ कॉल कर. सत्तरी उलटलीय, पण अजून टॉवेलचा पदर घेऊन पार्वती करून दाखवतो. ती बघ आणि हाच प्रश्न त्यालाही विचार. मराठीत अडलीस तर तो इंग्रजीत सुरू होईल, मग तू हसशील याची गॅरंटी माझी.

तुझी,
आई