‘दाक्षिण्य’ : उजवा हात, दक्षिणा आणि दुसऱ्याचे मन

‘दयादाक्षिण्य’ या जोडशब्दातील ‘दाक्षिण्य’ म्हणजे नेमके काय, आणि त्याचा दक्षिण दिशेशी किंवा भटजींच्या दक्षिणेशी काही संबंध आहे का, अशी पृच्छा आहे. संबंध आहे, मात्र दाक्षिण्य दिशेवरून आलेले नाही, दिशा, दक्षिणा आणि दाक्षिण्य ही तिन्ही ‘दक्षिण’ या एकाच विशेषणाची अपत्ये आहेत.

संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा (लॅटिनमधील ‘डेक्स्टर’ हा त्याचा भाऊबंदच). उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. उजवा हात कामात तरबेज, म्हणून ‘दक्षिण’ म्हणजे कुशल. आणि त्याच शब्दाला सरळ मनाचा, दुसऱ्याच्या कलाने घेणारा असाही अर्थ आहे. अमरकोश ‘दक्षिणे सरलोदारौ’ असे पर्याय देतो. अशा माणसाचा स्वभाव ते दाक्षिण्य. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्या सर्गात, दिलीपाच्या राणीचे ‘सुदक्षिणा’ हे नाव तिच्या दाक्षिण्यामुळे रूढ झाले असे सांगून त्याच श्लोकात तिला यज्ञाच्या दक्षिणेची उपमा दिली आहे. या शब्दांचे नाते इतक्या थोडक्यात आणि इतक्या सुंदर रीतीने मांडलेले मला दुसरीकडे आढळलेले नाही.

दया आणि दाक्षिण्य जोडीने येतात, म्हणून ते समानार्थी मानणे मला पटत नाही. दया दुःखिताला पाहून येते. दाक्षिण्याला समोरचा दुःखी असावा लागत नाही, त्याचे मन मोडू नये एवढी जाणीव पुरते. कुणी आवडीने केलेला, साखर जास्त पडलेला चहा तोंड वाकडे न करता संपवणे, यात दया नाही, दाक्षिण्य आहे. ‘स्त्रीदाक्षिण्य’ या शब्दातही मूळ अर्थ आदराने वागण्याचा आहे, अबलेला सवलत देण्याचा नव्हे. एसटीत जागा देताना उपकाराचा सूर लागला की ते दाक्षिण्य उरत नाही.

कन्नडमध्ये हाच शब्द संकोचाकडे झुकला आहे. तिथे जेवायला बसलेल्या पाहुण्याला ‘दाक्षिण्य करू नका’ असा आग्रह होतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘लाजू नका, पोटभर जेवा’ असा असतो. मराठीत त्या जागी ‘भीड’ किंवा ‘संकोच’ येतो आणि दाक्षिण्य ‘दाखवले’ जाते.