शाब्दिक उदाहरणे शिकवताना
आपण सोलापुरातील विशेष शाळेत नव्याने रुजू झाला आहात, म्हणून एक आग्रह धरते: ‘विकल्या म्हणजे वजाबाकी’ असे खुणेचे शब्द मुलांकडून पाठ करून घेऊ नका. ‘दुकानदाराने 8 चादरी विकल्या, 15 उरल्या, आधी किती होत्या?’ या उदाहरणाला माझ्या एका अध्ययन अक्षम विद्यार्थ्याने 7 असे उत्तर लिहिले, आणि ती सवय (कबूल करायला हवे) मीच लावली होती. पुढे चिंचोक्यांचे दोन ढीग मांडून, विकलेल्या चादरी पुन्हा दुकानात आणायला सांगितल्यावर त्याने 23 हे उत्तर स्वतःच काढले. दृष्टिहीन मुलांना टेलर फ्रेम (स्पर्शाने आकडे मांडून गणित करण्याची पाटी) अवश्य द्या. मात्र आकडे मांडण्याआधी उदाहरणातील गोष्ट त्यांच्याच शब्दांत ऐकून घ्या, त्यात अख्खी तासिका गेली तरी चालेल. पाढे अडत असतील, तर तक्ता खुशाल समोर राहू द्या.