गाडी घाटात ओढत नाही, गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला. खरंच गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की डिझेल गाडी आहे, नव्वद हजार किमी झालेत, गावात बरी चालते पण चढाला तिसऱ्यात टाकून पूर्ण दाबली तरी ओढत नाही, मागून काळा धूर, चेक इंजिनचा दिवा मधेच लागतो आणि गाडी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ ठीक. आणि गॅरेजवाला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदला म्हणतोय. पैसे देऊ नका अजून.

मी काही मेकॅनिक नाही पण माझ्या गाडीला डिट्टो हेच झालेलं. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना गाडी एकदम मेली, म्हणजे बंद नाही पडली, पण तीन हजारच्या वर आरपीएम जाईना आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून वैतागले. त्याच्या आधी आठवडाभर बायको म्हणत होती की गाडी दाबली की कुकरची रिंग सैल झाल्यासारखं फुस्स वाजतंय, मी म्हटलं एसीचा असेल. पुण्यात एका मोठ्या वर्कशॉपने टर्बो गेलाय सांगितलं, ४८ हजार. पाईप काढून आतलं तेल दाखवलं, बघा टर्बो ऑइल फेकतोय म्हणे. मी घाबरलोच.

आता हे तेलाचं आधी सांगतो कारण तुम्हालाही दाखवतील. टर्बोच्या पाईपात तेलाचा पातळ थर जवळपास प्रत्येक गाडीत असतो, इंजिनच्या ब्रीदरमधून (आतली वाफ सोडणारी नळी) येणारी तेलाची वाफ तिथूनच जाते. इंटरकूलर (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारा, रेडिएटरसारखा भाग) उलटा केल्यावर ओंजळभर तेल पडलं, मागून निळसर धूर येतोय, ऑइल लेव्हल सारखी खाली जातेय, असं काही असेल तर वेगळी गोष्ट. तुमचा धूर काळा आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी.

हवा कमी का, तर बहुतेक वेळा वाटेत गळते म्हणून. एअर फिल्टरच्या पुढे जो सेन्सर आहे तो आत येणारी हवा मोजतो आणि कॉम्प्युटर त्या हिशोबाने डिझेल सोडतो. मग टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरच्या होजमधून (रबरी पाईप) बाहेर निसटली तर मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचतच नाही, डिझेल मात्र पूर्ण येतं. कॉम्प्युटरला पाहिजे तेवढं प्रेशर दिसत नाही, तो घाबरून गाडी लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी करतो, आणि तुम्ही चावी फिरवून परत चालू केली की तो विसरतो. म्हणून तुमचं ते थोडा वेळ ठीक.

गंमत अशी की गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन हे सापडत नाही. लोड नसताना टर्बो प्रेशरच बनवत नाही म्हटलं तरी चालेल, होजला चीर असली तरी ती मिटलेली राहते. माझी सापडली शिरवळला, रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. त्याने स्कॅनर वगैरे काही लावला नाही, इंटरकूलरहून इंजिनकडे जाणाऱ्या होजच्या खालून हात फिरवला, बोटं काळी तेलकट निघाली, मग होज दाबला तर क्लॅम्पच्या शेजारी बोटभर चीर उघडली. वरून बघितलं तर होज नवा वाटत होता. होज ११०० चा, दोन क्लॅम्प, आणि चहा त्यानेच पाजला.

तुम्ही घरी काय करू शकता: हजारच्या आत एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे दाखवणारा) मिळतो, मोबाईलवर ॲप टाका. आधी बिघाडाचा कोड बघा. पी ०२९९ आला तर त्याचा अर्थ प्रेशर कमी मिळतंय एवढाच, टर्बो मेला असा नाही. मग इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) आकडा बघा, पुण्यात ९५ च्या आसपास किलोपास्कल दिसायला हवा, मुंबई कोकणात १०० च्या जवळ. इथेच चुकीचा आला तर सेन्सर किंवा वायरिंग धरा. आता मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरला पंधराशे आरपीएमपासून पूर्ण दाबा आणि शेजारच्याला (तुम्ही नाही, तुम्ही रस्ता बघा) आकडा वाचायला सांगा. २०० च्या पुढे गेला तर टर्बो जवळपास निर्दोष. मग डिझेल फिल्टर बघा, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने उघडा अडकलाय का बघा, आणि आरपीएम पळतोय पण स्पीड वाढत नाही असं असेल तर सरळ क्लच घसरतोय, त्याला टर्बो काय करणार.

आकडा ११०-१२० ला अडकला तर होज तपासा, आणि होज चांगले निघाले तर टर्बोवर ताबा ठेवणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. व्हॅक्यूमवाला व्हेरिएबल (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो असेल तर इंजिन चालू करताना त्याच्या बाजूच्या डबीचा दांडा खेचला जाताना दिसतो. हललाच नाही तर नळी फाटली असेल नाहीतर उंदराने कुरतडली असेल, पावसाळ्यात हे फार होतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदल्यानेही गाडी गुदमरते, पण डीपीएफ शाबूत असलेली गाडी सहसा असा काळा धूर सोडत नाही, त्यामुळे तुमच्याकडे ते नसावं.

टर्बो खरंच तपासायचा तर हवेच्या बाजूचा पाईप काढून, इंजिन थंड असताना, शाफ्ट हाताने हलवा. आडवा किंचित हलणारच, तो तेलावर तरंगतो. आतबाहेर हलला किंवा पाती बॉडीला घासलेली दिसली तर गॅरेजवाला खरं बोलतोय.

कोड आणि चढावरचा आकडा इथे टाका, मग पुढचं बघू.