गाडीवरचे पांढरे डाग, डांबर, चीक आणि पक्ष्यांची घाण घरच्या घरी कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की गडद निळी गाडी सोसायटीत आंब्याखाली उभी असते, वॉचमन रोज बोअरच्या पाण्याने धुतो, आणि शाम्पूने घासूनही डाग हटत नाहीत. घासून हटणारही नाहीत. हे चार वेगळे डाग आहेत, आणि प्रत्येकाला विरघळवणारी गोष्ट वेगळी आहे. जोर लावलात तर डाग राहील आणि वर ओरखडे मिळतील. गडद रंगावर ते उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात.

कंपनीतून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला वरचा पारदर्शक क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. जे काही कराल ते एवढ्यातच.

आधी सावलीत, बोनेटला तळहात लावून गार आहे ना ते बघून, गाडी शाम्पूने धुवा. मग डागावरून नख अलगद फिरवा. नखाला उंचवटा लागला तर डाग वर बसलाय आणि निघेल. काहीच लागलं नाही, किंवा किंचित खोलगट लागलं, तर क्लिअरकोट खाल्ला गेलाय; मग त्याला कोणतंही द्रावण उपयोगाचं नाही.

पांढरी वर्तुळं म्हणजे बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. स्वयंपाकाचं पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळा. त्यात मायक्रोफायबरचं फडकं भिजवून डागावर दोन मिनिटं नुसतं पसरून ठेवा. सुकू देऊ नका. उचला, हलकेच पुसा, भरपूर पाण्याने धुवा. लगेच फरक दिसला नाही तर एकदाच पुन्हा करा, तिसऱ्यांदा नको. काचेवरच्या डागांनाही हेच चालतं. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड मात्र गाडीजवळही आणू नका. ते क्षारांबरोबर क्रोम आणि उघडा धातूही खातं.

आंब्याखालचे बारीक चिकट ठिपके बहुतेक वेळा चीक नसतोच. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे रस शोषतात आणि मधासारखा गोड द्रव खाली सोडतात, त्यावर पुढे काळी बुरशी धरते. ही साखर आहे, कोमट पाण्यात विरघळते. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवलं की काम होतं. खरा चीक घट्ट, पिवळट-तपकिरी थेंब असतो. त्यासाठी ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन अर्धा मिनिट टेकवा, मऊ झाला की पुसा आणि जागा धुऊन टाका.

पक्ष्यांची घाण कोरडी असताना कधीही पुसू नका. तिच्यात वडा-पिंपळाच्या बिया आणि बारीक खडे असतात, फडक्याखाली ते सॅंडपेपरचं काम करतात. शाम्पूच्या कोमट पाण्यात टिश्यू भिजवून दहा मिनिटं वर ठेवा आणि तो चिमटीत धरून सरळ वर उचला. खाली निस्तेज चट्टा उरला तर तो घाणीचा नाही, क्लिअरकोटचाच आहे. उन्हात तापून क्लिअरकोट मऊ पडतो, त्यात विष्ठेतलं आम्ल भिनतं, आणि रात्री गार होताना पृष्ठभाग त्याच वेड्यावाकड्या आकारात घट्ट होतो. म्हणून उन्हाळ्यात ही घाण त्याच दिवशी काढायची, रविवारची वाट बघायची नाही.

डांबर सोपं आहे. दरवाज्याच्या खालच्या पट्टीवर आणि चाकांमागे असतं. रॉकेल किंवा पेंटच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाईन फडक्याला लावून ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरा. तपकिरी ओघळ दिसायला लागला की ते सुटलं. दर वेळी फडक्याची स्वच्छ घडी वापरा, नाहीतर तेच डांबर पुढे पसरवत जाल. नंतर तेलकटपणा जाईपर्यंत शाम्पू. रबरी बीडिंगवर लावू नका, आणि जवळपास पेटतं काही नको. थिनर बिलकुल वापरू नका: डेंटिंग-पेंटिंग झालेल्या भागावर बाहेरचा साधा रंग असेल तर थिनरने तो डांबरासकट उतरेल. टर्पेंटाईनसुद्धा आधी त्याच भागाच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला लावून बघा.

एवढं झाल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार घ्या, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. वडी अर्धी तोडा, तीन बोटांएवढी चपटी करा, शाम्पूचं पाणी भरपूर फवारा आणि न दाबता सरळ रेषेत फिरवा. मळली की घडी घालून नवी बाजू वर काढा. वडी खाली पडली तर टाकून द्या; पुसून वापरायचा मोह भारी पडतो.

खाल्लेल्या चट्ट्यांना शेवटचा उपाय पॉलिश, तेही बारीक. रबिंग कंपाउंडपासून, म्हणजे भरड पॉलिशपासून, सुरुवात करू नका. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं घेऊन फूटभर जागेत आडवं-उभं आठ-दहा वेळा फिरवा, पुसून बघा. कडा आणि पत्र्याच्या धारा टाळा, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो. फडक्याला निळा रंग लागायला लागला तर तिथेच हात थांबवा, कारण क्लिअरकोट संपलाय आणि पुढचं काम पेंटरचं आहे. टूथपेस्टने चकाकी येते खरी, पण तिची भरड किती ते तुमच्या हातात नसतं. मॅट रंगाला पॉलिश लावूच नका.

शेवटी वॅक्सचा पातळ हात द्या, कारण या सगळ्यात जुनं वॅक्स गेलेलं असतं. वॉचमनला पाणी बदलायला सांगणं अवघड असेल, पण धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने टपापासून खाली पुसायला नक्की सांगा. आणि कोणी प्युरिफायरचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरायला सुचवलं तर ऐकू नका. त्यात नळाच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.