लेखन-संवाद : कथा साभार परत आल्यानंतर

प्रश्न : मी एकोणतीस वर्षांचा असून हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्याच्या लेखा विभागात नोकरी करतो. महाविद्यालयात असताना एका कथास्पर्धेत बक्षीस मिळाले आणि तेव्हापासून लेखक व्हायचे मनाशी धरले आहे. त्यानंतर दिवाळी अंकांना पाठवलेल्या कथा एक तर साभार परत आल्या किंवा त्यांचे काय झाले ते कळलेच नाही. सध्या एक दीर्घकथा निम्म्यावर पडून आहे. रात्री वही उघडतो, पण आपल्याला कोण वाचणार, असे वाटून ती मिटून ठेवतो. हा वेळ स्पर्धा परीक्षेला दे, असे वडील म्हणतात. पुण्या-मुंबईत असतो तर ओळखी झाल्या असत्या, असेही मनात येते. लिहिण्याची उमेद टिकवायची कशी?
– एक वाचक, वर्धमाननगर, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत मिसळल्या आहेत. एक इच्छा लेखक होण्याची आहे आणि दुसरी, निम्म्यावर थांबलेली ती दीर्घकथा मनासारखी उतरावी, अशी आहे. पहिलीविषयी तुम्ही सविस्तर लिहिले आहे. दुसरीच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. कथा कोणाची आहे, ती कोणत्या प्रसंगाशी अडली, पुढे काय घडते हे तुम्हालाच अजून कळलेले नाही की कळूनही लिहवत नाही, यातले काहीच पत्रावरून समजत नाही. आणि माझ्या मते उमेद ओसरण्याचे कारण नेमके इथे आहे. लेखक म्हणून ओळखले जाणे संपादक, परीक्षक आणि वाचक यांच्या होकारावर अवलंबून असते, आणि तो होकार लांबला की त्यावर पोसलेली उमेद कोमेजते. हातातल्या कथेची ओढ मात्र कोणाच्या होकारासाठी थांबत नाही. तिला माहिती लागते, निरीक्षण लागते आणि त्या माणसांविषयीचे कुतूहल लागते.

समजा, तुमच्या कथेत काटोलकडच्या एका कुटुंबाची संत्र्याची बाग आहे, थोरला भाऊ ती विकायला निघाला आहे आणि नागपुरात नोकरी करणारा धाकटा सही करायला नकार देतो. धाकटा का नाकारतो, हे तुम्हालाच नेमके ठाऊक नसेल, तर कथा तिथे थांबणारच. अशा वेळी आपला उत्साह संपला, असे लिहिणाऱ्याला वाटते. वास्तविक त्याच्याजवळची माहिती संपलेली असते. मग एखाद्या रविवारी काटोलला जावे आणि बागायतदाराशी बोलावे. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरायचा की आंबिया (हिवाळ्याच्या अखेरचा), हे घरात कोण ठरवते? आंबियाची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरतात आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग घरात पैसा कधी येतो आणि कोणते महिने उधारीवर काढावे लागतात? व्यापारी झाडावरच्या फळांचा सौदा करतो तेव्हा इसार किती देतो, आणि त्यानंतर गारपीट झाली तर उरलेल्या रकमेचे काय होते? डिंक्या रोगाने झाडे वाळू लागली तेव्हा बाग तोडण्याची गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली? सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत का, आणि असतील तर त्यांना कोणी विचारले आहे का? इतके विचारून आलात की धाकट्याच्या नकारामागे दोन-तीन कारणे उभी राहतील, आणि त्यांतले एखादे असे निघेल की ते लिहून काढल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही.

तुमची कथा कदाचित बागेची नसेल, कारखान्याची असेल. तसे असल्यास तुमच्याजवळ इतरांकडे नसलेला ऐवज आहे. कोणाच्या पगारातून पतसंस्थेचा हप्ता कापला जातो, कोण दर महिन्याच्या वीस तारखेला उचल मागायला येतो, कंत्राटी कामगाराची हजेरी कशी लागते, हे लेखा विभागातल्या माणसाला दिसते. शेतकरी आणि शिक्षक मराठी कथेत पुष्कळ येतात. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या वसाहतीत पाळ्या करणारा माणूस त्या मानाने फार कमी दिसतो, आणि ही उणीव मला मनापासून खटकते. मात्र सहकाऱ्यांची खरी नावे आणि कार्यालयातले खरे आकडे कथेत येऊ देऊ नका. तिथे जे पाहिले ते मुरू द्यावे आणि मग वेगळ्या माणसांच्या रूपाने आणावे.

वेळेविषयी. दिवसभर हिशेब तपासून थकलेल्या माणसाने रात्री दहा वाजता कोऱ्या पानासमोर बसायचे, ही व्यवस्थाच मुळात चुकीची आहे, आणि त्या वेळी मनात येणाऱ्या निराशेवर फारसा विश्वास ठेवू नये. तुम्ही मेट्रोने जात असाल, तर प्रजापतीनगरहून लोकमान्यनगरपर्यंत सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही. सलग अर्ध्या तासाहून अधिक वेळ हाती राहतो. सकाळी जाताना आधी लिहिलेले शेवटचे पान वाचावे आणि संध्याकाळी येताना पुढच्या प्रसंगाविषयी दोन-चार ओळी टिपून ठेवाव्यात. प्रत्यक्ष लेखनासाठी आठवड्यातल्या दोन पहाटा राखाव्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, कारण नागपूरच्या त्या दिवसांत दुपारी कूलरसमोर बसूनही डोके चालत नाही. उठण्यापूर्वी पुढचा प्रसंग कोठून सुरू होणार, हे एका वाक्यात लिहून ठेवा. पुन्हा बसाल तेव्हा सुरुवात शोधण्यात वेळ जाणार नाही. आणि ज्यांचे लेखन मध्येच सुटते, त्यांचे ते बहुतेक वेळा या सुरुवातीच्या घटकेलाच सुटते.

साभार परत आलेल्या कथांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दिवाळी अंकाच्या संपादनाचे काम मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे, आणि तिच्याविषयीच्या प्रेमामुळेच नवे लेखक आपली उत्तम कथा नेमकी सर्वाधिक गर्दीच्या दारात नेऊन उभी करतात. अंकाची बरीच पाने आमंत्रित लेखकांसाठी आधीच राखलेली असतात. काही अंकांचा विषय ठरलेला असतो. जाहिराती किती मिळाल्या यावर पाने वाढतात किंवा घटतात, आणि कापायची वेळ आली की आधी लांब कथा कापली जाते. गणपतीच्या सुमारास बहुतेक अंक भरत आलेले असतात. तेव्हा पोहोचलेली कथा चांगली असूनही परत जाते. म्हणजे कथा परत येण्याची कारणे अनेक असतात, आणि कथा कच्ची असणे हे त्यांपैकी एक आहे. ते कारण तुमच्या बाबतीत खरे आहे का, हे संपादक कळवत नाही. ते कळण्यासाठी एक-दोन चोखंदळ वाचक मिळवावे लागतात. कौतुक करणारे दहा मित्र आणि ‘इथे मला कंटाळा आला’ असे नेमके पान दाखवून सांगणारा एक वाचक यांत हा एक जपावा. कथा उन्हाळ्यातच पाठवा, शब्दमर्यादा पाळा, एकच कथा एकाच वेळी दोन संपादकांकडे पाठवू नका, आणि तीन महिन्यांत काही कळले नाही तर एक सभ्य पत्र लिहून ती पुढे अन्यत्र पाठवा. वर्षभर निघणारी नियतकालिकेही नव्या लेखकाने विसरू नयेत. विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ तर तुमच्याच शहरातून निघते.

त्यावरून नागपूरविषयी. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या संघाचे कार्यालय सीताबर्डीवर आहे, तिथल्या कार्यक्रमांना तुम्ही कधी गेला आहात का, हे पत्रात नाही. महेश एलकुंचवार यांनी नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करीत नाटके लिहिली. १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आलेल्या त्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तले घर विदर्भातल्या एका खेड्यातले आहे, आणि मुंबईच्या प्रेक्षकाने ते घर आपले मानले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकाने लागतात, तिथे एकदा दिवसभर फिरा. दूरच्या गावांहून आलेली, हातात सामानाची पिशवी असलेली माणसे निवडून पुस्तके घेताना दिसतील. आपल्याला कोण वाचणार, हा तुमचा प्रश्न त्या माणसांकडे पाहून स्वतःला पुन्हा विचारा. पुण्या-मुंबईत ओळखी लवकर होतात, हे मी नाकारत नाही. पण अडलेली दीर्घकथा कोणाच्या ओळखीने पुढे सरकत नाही.

वडिलांशी वाद घालू नका. नोकरी सोडणार नाही आणि आठवड्यातल्या दोन पहाटा माझ्या असतील, एवढे त्यांना स्पष्ट सांगा. परीक्षेचा अभ्यास करायचा असेल तर मनापासून करा. पण लेखन जमत नाही म्हणून अभ्यास, असे करू नका, कारण मग दोन्हींकडे मन लागत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, वय बासष्ट. दोन-तीन व्हॉट्सॲप समूहांवर रोज दिलेल्या विषयावर कविता लिहिते, सन्मानपत्रेही मिळाली आहेत. आता एका प्रकाशकाने पैसे भरल्यास संग्रह काढू, असे कळवले आहे. खरे तर मला महालातल्या आमच्या वाड्यातले बालपण लिहायचे होते, पण हुरूप टिकत नाही. आता उशीर झाला आहे का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, उशिराची भीती आधी मनातून काढून टाका. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या, आणि त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेले नव्हते. तुमची तर सारी हयात मुलांना लिहायला शिकवण्यात गेली आहे.

रोजच्या कवितांनी तुमचा हात लिहिता राहिला, हा त्यांचा उपकार आहेच. पण सकाळी विषय, दुपारी कविता, संध्याकाळी अंगठे आणि फुले, या क्रमात लिहिणाऱ्याला दिवसाच्या दिवशी दाद मिळण्याची सवय होते. आठवणींचे पुस्तक लिहायला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि तेवढ्या काळात दाद द्यायला कोणी नसते. तुमचा हुरूप टिकत नाही तो यामुळे, असे मला वाटते. काही महिने समूहावरचे लेखन थांबवून पाहा. वाड्याचा नकाशा कागदावर काढा: दिंडी, विहीर, माजघर, भाडेकरूंच्या खोल्या. एकेका खोलीत कोण राहत असे, ते लिहीत चला. क्रम नंतर लावता येतो. तुमच्या पिढीतली भावंडे आणि शेजारी अजून बोलू शकतात, तोवर त्यांच्या आठवणी विचारून घ्या. तुमची आणि त्यांची आठवण जुळली नाही, तर तो विरोध तसाच लिहा.

प्रकाशकाला पैसे देऊ नका. किती प्रती छापणार, त्या कोठे विकणार, याचे लेखी उत्तर नसेल, तर पुस्तकांचे गठ्ठे तुमच्याच घरी येऊन पडतील, आणि त्यानंतर लिहिण्यावरचे मन उडालेली माणसे मी पाहिली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर तिचे नियम मागवून पाहा. मात्र आधी हस्तलिखित पूर्ण होऊ द्या.

प्रश्न : मी उमरेडजवळच्या गावातला पदवीचा विद्यार्थी आहे. माझ्या कथेतली आजी आमच्या बोलीत बोलते. ‘काहून रडून राह्यला’ अशी वाक्ये काढून शुद्ध मराठी लिही, असे एका जाणकारांनी सुचवले. तसे केले, पण आता कथा वाचावीशीच वाटत नाही आणि नवीही सुचत नाही.
– एक वाचक, उमरेड

उत्तर : कथा वाचावीशी वाटत नाही, ही तुमची जाणीव अगदी बरोबर आहे, आजीचे बोलणे बदलले तेव्हा आजीच कथेतून निघून गेली. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या ‘धग’ या कादंबरीतली माणसे वऱ्हाडीत बोलतात आणि महाराष्ट्राच्या सर्व भागांतल्या वाचकांनी ती वाचली आहे. अडचण बोलीची नसते. ती ऐकून लिहिली आहे की अंदाजाने, याची असते. म्हणून आजीजवळ बसून ती एखादी हकिगत कशी सांगते, कोठे थांबते, नातवाशी आणि पाहुण्याशी वेगळे कसे बोलते, ते लक्षपूर्वक ऐका. निवेदन प्रमाण मराठीत ठेवले तरी चालेल. संवाद मात्र मूळ बोलीत परत आणा आणि कथा मला या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी ती वाचेन आणि कोठे काय खटकले, ते पानांनिशी कळवीन.