परदेशी फील्ड स्कूलसाठी एफडी मोडण्याआधी

नमस्कार ताई,

मुलगी टीवायबीएला समाजशास्त्र-मानववंशशास्त्र घेऊन शिकतेय आणि चार आठवड्यांच्या परदेशी फील्ड स्कूलसाठी (प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास शिकवणाऱ्या छोट्या कोर्ससाठी) चार लाखांची एफडी मोडू का, असं तुम्ही भांडुपहून विचारलंय. मोडू नका.

पुरातत्त्वाच्या उत्खननाला अशा कोर्सचा उपयोग होतो. हात तिथेच तयार होतो. पण जिवंत माणसांत राहून अभ्यास करायचा तर आधी त्यांची भाषा यायला हवी. परदेशातले पीएचडीचे विद्यार्थी म्हणूनच बहुधा वर्षभर एकाच ठिकाणी मुक्काम करतात. दुभाष्याला धरून चार आठवड्यांत काय हाती लागणार?

भाषा तर तिच्याकडे आहेच. पहाटे ससून डॉकला कोळंबी सोलणाऱ्या मावश्यांशी आधी ओळख काढावी, काय करतेय ते सांगावं, त्यांनी होकार दिला तरच शेजारी बसावं. कोण कुणाशेजारी बसतं, मजुरी कशावर मोजतात, भाव पडला की आधी कुणाची गाडी अडते, हे त्याच रात्री वहीत उतरवावं. फोटोंची घाई नको. वर्षभर दर आठवड्याला एकाच जागी गेली, तर परदेशी अर्जातल्या निवेदनात लिहायला तिच्याकडे स्वतःचा प्रश्न असेल. निवड करणारे नेमकं तेच शोधतात. इरावती कर्वेसुद्धा आधी मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे शिकल्या, मग बर्लिनला डॉक्टरेटला गेल्या, आणि पुढे भारतभर फिरून काम केलं.

पैसा घालायचा तो पदवीत. ब्रिटनमधलं मास्टर्स एका वर्षाचं, फी जबर, आणि फील्डवर्कला वेळ थोडा. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे), मात्र वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात. इरास्मस मुंडस (युरोपियन युनियनची शिष्यवृत्ती असलेले, अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेले मास्टर्स कोर्स) जरूर बघा: नृत्याची आवड असेल तर त्यात कोरिओमुंडस हा नृत्य-मानवशास्त्राचा दोन वर्षांचा कोर्स आहे. आपल्या मुंबईतलं जे. एन. टाटा एन्डाउमेंट १८९२ पासून कर्जरूप शिष्यवृत्ती देतंय. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, ती आत्ता सोडा. मानववंशशास्त्राच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेतल्या वेनर-ग्रेन फाउंडेशनचं फील्डवर्कचं अनुदान पीएचडीच्या टप्प्यावर मिळतं, तेही भारतीयांना खुलं आहे.

इरास्मस मुंडसचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारीत भरतात. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना दिवाळीआधीच गाठायला सांगा.