मधली रेघ

गेल्या अंकात मी टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचा, म्हणजे ‘लेडी व्हॉल्स’चा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांमधले चार प्रश्न या वेळी घेते आहे. नवऱ्याच्या ओक रिजमधल्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं शेजारच्या, हे विद्यापीठ असलेल्या नॉक्सव्हिल गावात राहिले. तिथले बहुतेक हिवाळे या संघाचे सामने व्हायचे त्या थॉम्पसन-बोलिंग अरेनाच्या अगदी वरच्या रांगांमध्ये बसून काढले. त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : या संघाच्या नामांकित प्रशिक्षक पॅट समिट यांना सुरुवातीला महिन्याला २५० डॉलर मिळायचे असं वाचलं. एवढ्या मोठ्या विद्यापीठात हे खरं वाटत नाही.

खरं आहे. १९७४ साली त्या नॉक्सव्हिलला आल्या, त्या मुळात प्रशिक्षक म्हणून नव्हेच. मास्टर्स करायचं, शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायचे आणि संघाला हातभार लावायचा, असं ठरलं होतं. तोवर मुख्य प्रशिक्षक असलेल्या बाई रजेवर गेल्या आणि संघ या २२ वर्षांच्या मुलीच्या हाती आला. तेव्हा त्यांचं आडनाव हेड होतं. संघातल्या चौघी जणी त्यांच्याहून जेमतेम वर्षानं लहान! शिवाय त्या स्वतः गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत होत्या. डोळ्यांसमोर १९७६चं मॉन्ट्रियल ऑलिंपिक होतं, कारण महिलांचं बास्केटबॉल तिथे पहिल्यांदाच खेळलं जाणार होतं. म्हणजे दिवसा शिकायचं, शिकवायचं, संघाचा सराव घ्यायचा आणि मग स्वतःचा सराव करायचा. मॉन्ट्रियलला त्या गेल्या, अमेरिकेच्या संघाची सहकर्णधार म्हणून, आणि रौप्यपदक घेऊन आल्या.

पगारापेक्षा मला त्या जर्सींची गोष्ट जास्त बोलकी वाटते. आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून त्या घेतल्या होत्या आणि धुवायच्या पॅटबाईंनी. बाहेरगावी सामना असला की व्हॅनसुद्धा त्याच चालवायच्या. एकदा तर सगळ्या जणी प्रतिस्पर्धी संघाच्याच जिममध्ये चटया आणि स्लीपिंग बॅगा टाकून झोपल्या होत्या. पहिला सामना मर्सर विद्यापीठाशी झाला, डिसेंबर १९७४ मध्ये. टेनेसी ८३-८४ असा एका गुणानं हरला. पुढे १०९८ सामने जिंकणाऱ्या बाईंची सुरुवात ही अशी झाली.

आता ‘एवढं मोठं विद्यापीठ’ याबद्दल. लिंगभेद करणाऱ्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही, असा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये झाला होता. पण कायदा कागदावर आला म्हणून दुसऱ्या दिवशी तिजोरी उघडत नाही. मुलींच्या स्पर्धा मुलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या एनसीएएकडे नव्हत्याच. त्या एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवायची आणि तिच्याकडे पैसा नव्हता. एनसीएएनं महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली ती १९८२ मध्ये. टेनेसीचं पहिलं विजेतेपद १९८७चं, लुइझियाना टेकला ६७-४४ असं हरवून. डोनटपासून त्या चषकापर्यंत तेरा वर्षं गेली. ही तेरा वर्षं गाळून लोक एकदम आठ विजेतेपदांवर येतात, याचं मला वाईट वाटतं.

जाता जाता, २००६च्या करारात पॅट यांचं वर्षाचं मानधन दहा लाख डॉलरच्या वर गेलं. महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला तेवढा पैसा मिळण्याची ती पहिलीच वेळ.

प्रश्न : अमेरिकेत मुलींचं बास्केटबॉल सहा-सहा जणींचं असायचं म्हणतात. मग टेनेसीच्या संघात पाच जणी कशा? — शाळेत बास्केटबॉल शिकवणारी एक शिक्षिका

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते.

नेस्मिथ यांनी हा खेळ १८९१ मध्ये काढला आणि पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेनसन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. त्यांनी मैदानाचे तीन भाग केले आणि आपला भाग सोडून कुणी जायचं नाही असा नियम केला. मुलींना फार दमवू नये, धक्काबुक्की होऊ नये, हा हेतू. त्या काळात मुली खेळल्या हेच मोठं होतं, म्हणून बेरेनसनबाईंना मी दोष देणार नाही. पण ती रेघ पुढच्या कैक पिढ्यांना पुरली.

पुढे तीनाचे दोन भाग झाले. प्रत्येक संघाच्या सहा मुली : तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. फॉरवर्डनी एका अर्ध्यात राहून बास्केट करायचे, गार्डनी दुसऱ्या अर्ध्यात राहून फक्त अडवायचं. मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही. गार्डनं चेंडू हिसकावला की रेघेपर्यंत न्यायचा, पलीकडच्या फॉरवर्डला द्यायचा आणि उभं राहून बघायचं. कॉलेजच्या मुली १९७१ मध्ये पाच जणींच्या, पूर्ण मैदानाच्या खेळावर आल्या. टेनेसी राज्यातल्या शाळा मात्र सहा जणींवरच अडून बसल्या.

परिणाम काय होणार, ते तुम्ही मुलींना शिकवता म्हणून तुम्हाला लगेच कळेल. शाळेतून आलेल्या गार्डला नेम नाही, फॉरवर्डला बचाव माहीत नाही आणि दोघींनाही पूर्ण मैदान पळायचा दम नाही. अशी मुलगी कितीही गुणी असली तरी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवताना मागे पडणार. ओक रिजच्या शाळेतल्या एका गार्ड मुलीनं नेमकं हेच म्हणत १९७६ मध्ये कोर्टात दाद मागितली. जिल्हा न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला, वरच्या न्यायालयानं पुढच्या वर्षी तो फिरवला. पण तोंड फुटलं ते फुटलं. पॅट समिटही या नियमाविरुद्ध उघड बोलत होत्या. १९७९ मध्ये राज्यानं सहा जणींचा खेळ सोडला. आयोवा आणि ओक्लाहोमा तर १९९०च्या दशकापर्यंत त्याला धरून होते.

नॉक्सव्हिलला आमच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहायच्या. त्यांचं आणि माझं तिकीट शेजारशेजारचं असायचं. शाळेत असताना त्या गार्ड होत्या. चार वर्षं संघात राहून सामन्यात बास्केटच्या दिशेनं एकदाही चेंडू टाकला नव्हता, कारण नियमच तसा होता. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला शब्द सुचेना. १९९७-९८च्या मोसमात शमीक होल्ड्सक्लॉ किंवा तमिका कॅचिंग्स आपल्या बास्केटखाली रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घ्यायची, तोच चेंडू घेऊन पूर्ण मैदान पळत जायची आणि पलीकडे बास्केट करायची. दर वेळी मधली रेघ ओलांडली जाताना या बाई माझं मनगट घट्ट धरायच्या. बास्केट पडलं की सोडायच्या. तो संघ ३९ पैकी ३९ सामने जिंकला, पण मला आधी ती पकड आठवते.

प्रश्न : खेळाडूंच्या अभ्यासाचं काय? की नुसता खेळच?

वर्ग बुडवायचा नाही आणि पहिल्या तीन रांगांमध्ये बसायचं, हा पॅटबाईंचा नियम होता. त्यांच्या हाताखाली जी मुलगी शेवटच्या वर्षापर्यंत खेळली, ती प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. ३८ मोसम, अपवाद एकही नाही. मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात मोठा विक्रम हा. खेळाडू त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘पॅट’ म्हणत, पण त्यांची ती प्रसिद्ध नजर वळली की अंग चोरून बसत. आम्हाला वरच्या रांगेतूनही ती नजर कळायची.

प्रश्न : आजारपण कळल्यावरही त्या वर्षभर प्रशिक्षक राहिल्या. हे संघाच्या हिताचं होतं का? — एक वाचक

प्रश्न कठोर आहे, पण विचारण्यासारखा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, आपल्याला अल्झायमर हा स्मरणशक्ती हिरावणारा आजार झाल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. लपवून ठेवणं सोपं होतं. त्या मोसमात सामन्याच्या वेळचे निर्णय बरेचसे होली वॉर्लिक आणि इतर सहायक घेत. पॅट शेजारी बसलेल्या असत. काही सामन्यांत त्या इतक्या शांत असायच्या की, इतकी वर्षं त्यांना हाका मारताना, पाय आपटताना पाहिलेल्या आम्हाला मैदानाकडे बघवत नसे.

तरी माझं उत्तर ‘हो, हिताचं होतं’ असं आहे. संघ त्या वर्षीही राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचला. आणि संघाचं हित म्हणजे फक्त निकाल नव्हे. विशीतल्या मुलींना इतकी वर्षं ‘जे आहे त्याला सामोऱ्या जा’ असं शिकवणारी बाई स्वतः गुपचूप घरी जाऊन बसली असती, तर त्या शिकवणीचं काय उरलं असतं? प्रेक्षकांनी त्या हिवाळ्यात ‘वी बॅक पॅट’, म्हणजे ‘आम्ही पॅटच्या पाठीशी’, असं लिहिलेले शर्ट घातले. माझाही अजून कपाटात आहे.

एप्रिल २०१२ मध्ये त्या पायउतार झाल्या आणि संघ वॉर्लिक यांच्याकडे गेला. वॉर्लिक १९७०च्या दशकात पॅट यांच्याच संघात खेळलेल्या, मग सत्तावीस वर्षं त्यांच्या सहायक. जून २०१६ मध्ये पॅट समिट गेल्या, ६४व्या वर्षी. मी तेव्हा नॉक्सव्हिल सोडलं होतं. सकाळी फोन वाजला तो शेजारच्या त्या बाईंच्या मुलीचा. बाई नव्वदीच्या जवळ पोहोचल्या होत्या, फोनवर बोलणं त्यांना जमत नव्हतं. ‘आईनं तुम्हाला कळवायला सांगितलंय,’ एवढंच ती म्हणाली.